एका तासाचं नाटक, एका रात्रीचं नाटक

मराठी नाटकाचा इतिहास लिहिताना तबकडी, रेडिओ आणि दूरदर्शन यांची सोय शेवटच्या प्रकरणात लावून मोकळं व्हायची आपल्याकडे रीत आहे. रंगमंचावर झालं ते खरं नाटक आणि यंत्रातून आलं ती त्याची सावली, असा त्यामागचा समज. पुण्या-मुंबईत बसून हा समज कदाचित टिकेलही. बल्लारपूर, चंद्रपूर, मूल, सिंदेवाही, वडसा या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तो टिकत नाही. कारण साधारण १९५० ते १९७० या काळात जुनी, नावाजलेली नाटकं इथे दोन वाटांनी येत होती. एक वाट नागपूरच्या रेडिओची, तासा-दीड तासाची. दुसरी गावच्या मांडवातली, रात्री सुरू होऊन तांबडं फुटेपर्यंत चालणारी. या दोन वाटांनी अभिजात नाटकाचं काय राखलं आणि काय गमावलं, ते इथे पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. रेडिओने नाटकातला शब्द राखला, झाडीपट्टीने नाटकाची रात्र राखली, आणि जतन करण्याच्या बाबतीत आपण दोघांचीही आबाळ केली.

रेडिओ आला तो काळ मराठी रंगभूमीच्या पडतीचा होता, हे आधी लक्षात घ्यायला हवं. मुंबईचं केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने जुलै १९२७ मध्ये सुरू केलं. त्यानंतर पाचच वर्षांत, १९३२ मध्ये, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' बोलू लागला आणि नाटक कंपन्यांचा पाया खचला. थिएटरं चित्रपटांकडे गेली, कंपन्यांवर कर्जं चढली. बालगंधर्वांसारख्या नटालाही १९३५ मध्ये 'धर्मात्मा'साठी कॅमेऱ्यापुढे उभं राहावं लागलं. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी यांची नाटकं लोकांना तोंडपाठ होती, पण ती करणाऱ्या कंपन्या एकेक करून मिटत होत्या. अशा वेळी रेडिओला रोजच्या रोज मजकूर हवा होता आणि या नाटकांना ठिकाण हवं होतं. सोयरीक जुळली ती दोन्हीकडच्या गरजेतून.

त्याआधी तबकडी होतीच. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. रंगमंचावर 'वन्समोअर' घेत घेत एखादं पद अर्धा अर्धा तास रंगायचं. तबकडीवर त्याच पदाचा मुखडा, अंतरा, दोन ताना आणि सम एवढंच बसायचं. गवयांनी या तीन मिनिटांसाठी गाणं नव्याने बांधलं आणि ते इतकं नेटकं बांधलं की आज नाट्यगीत म्हणून आपण जे ओळखतो ते बरंचसं तबकडीने घडवलेलं आहे. गावोगावच्या पेटीवाल्यांना चाली उचलायला याच तबकड्या कामी आल्या. पण तबकडीने पद उचललं आणि नाटक मागे ठेवलं. पदाच्या आधीचा प्रसंग, ते कोण कुणाला उद्देशून म्हणतंय, कुठल्या दुःखातून म्हणतंय, हे सगळं गळून पडलं. गद्य प्रवेशांच्या तबकड्या जगभर निघाल्या. बंगालीत 'सिराजउद्दौला'चा संच घरोघरी वाजला. अमेरिकेत पॉल रोबसनच्या 'ऑथेल्लो'चं ध्वनिमुद्रण कोलंबिया कंपनीने १९४४ मध्ये केलं. पुढे लाँग प्लेइंग तबकडी आल्यावर इंग्लंडात आर्गो कंपनीने केंब्रिजच्या मार्लो सोसायटीला हाताशी धरून १९५७ ते १९६४ या काळात शेक्सपिअरची झाडून सगळी नाटकं संपूर्ण ध्वनिमुद्रित केली. एकही प्रवेश न गाळता. मराठीत देवल, खाडिलकर किंवा गडकरी यांच्यासाठी असं काम झालं नाही. ही खंत फार मोठी आहे. कारण १९५० च्या दशकात जुन्या कंपन्यांतून तयार झालेले नट हयात होते, त्यांचे गळे शाबूत होते आणि यंत्रही हाताशी होतं.

आता नागपूर. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. तेव्हा चांदा (पुढे चंद्रपूर) जिल्हा मध्य प्रांतात होता. नागपूर हीच त्या प्रांताची राजधानी, आणि कारभार हिंदी-मराठी अशा दोन भाषांतला. त्यामुळे नागपूरचा रेडिओ लावला की एका वेळी हिंदी, दुसऱ्या वेळी मराठी. बल्लारपुरातून वर्धा नदी ओलांडली की राजुरा, आणि राजुरा तर हैदराबाद संस्थानात. त्या बाजूला निजामाचा दख्खन रेडिओ होता. १९५० मध्ये तो आकाशवाणीत आला. म्हणजे एकाच नदीच्या दोन काठांवर दोन सरकारांचे दोन रेडिओ. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ आणि राजुरा दोन्ही मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. मराठी नाटक ऐकणारा श्रोता मात्र या सगळ्या काळात तोच होता. राज्य बदलायच्या आधीपासून 'शारदा' आणि 'सौभद्र' त्याच्या ओळखीची होती.

बल्लारपूर हे गाव या श्रोत्याचा चांगला नमुना आहे. गोंड राजांचा किल्ला, दिल्ली-मद्रास मार्गावरचं बल्लारशाह जंक्शन, कोळशाची खाण आणि १९४५ मध्ये स्थापन झालेला कागद कारखाना. कामाला मराठी, तेलुगू, हिंदी, बंगाली अशी सगळ्या मुलखांची माणसं. इथे वसाहतीत वीज होती, म्हणून व्हॉल्व्हचा रेडिओ चालायचा. परवाना टपाल कार्यालयातून काढायचा, दरवर्षी नवा करायचा. कारखान्यापासून काही मैल जंगलात शिरलं की वीज नाही, म्हणून रेडिओ असलाच तर बॅटरीवरचा, नाहीतर ग्रामपंचायतीचा. १९६० नंतर ट्रान्झिस्टर आला तेव्हा कुठे शेताच्या बांधावर नाटक ऐकू येऊ लागलं. पुणे केंद्राने १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने ग्रामीण श्रोता मंडळांचा गाजलेला प्रयोग केला, पण त्याचे पाचही जिल्हे पश्चिमेकडचे होते. आमच्या जंगलातला श्रोता काय ऐकतो, त्याला काय उमगतं, हे त्या काळात कुणी विचारलं नाही.

मध्यम लहरींचा एक गुण इथे सांगायला हवा. दिवसा त्या जमिनीच्या अंगाने थोड्याच अंतरापर्यंत जातात. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून शेकडो मैल दूर पोचतात. नागपूर रस्त्याने दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर, ते नीट लागायचं. मुंबई रात्री लागायची, तीही लाटेसारखी चढत-उतरत. ऐन रंगात आलेलं स्वगत मध्येच विरघळायचं आणि पुढच्या वाक्याला परत यायचं. नाटकाची वेळ नेमकी रात्रीची असल्यामुळे दूरच्या श्रोत्याला हा अनपेक्षित लाभ मिळाला.

श्रुतिका, म्हणजे रेडिओसाठी केलेलं नाटक, कशी होते, हे जवळून पाहण्यासारखं आहे. सुरुवातीच्या काळात नाटक थेट प्रक्षेपित व्हायचं. स्टुडिओत एक मायक्रोफोन, त्याच्या भोवती पाच-सहा नट, हातात सुटी पानं. टाचणी काढून टाकलेली, कारण पान उलटल्याचा आवाज गेला तर राजवाड्यात कागद फडफडला असं श्रोत्याला वाटणार. दूरून बोलायचं तर दोन पावलं मागे सरायचं, कानात कुजबुजायचं तर तोंड जवळ आणायचं. कंपनी नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय झालेल्या नटाला हे जड जायचं. मायक्रोफोनपुढे तोच आवाज अंगावर आल्यासारखा वाटे. यातून वाचिक अभिनयाची एक नवी जात तयार झाली. मुंबई केंद्रावर बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी यांनी 'पुन्हा प्रपंच'मधून जो घरगुती, न फेकलेला स्वर रुजवला, त्याचा परिणाम जुनी नाटकं वाचण्यावरही झाला. मराठी गद्य नाटकातली घोषणाबाजी कमी व्हायला रेडिओचा हातभार आहे, असं मला ठामपणे वाटतं.

'एकच प्याला' घ्या. गडकऱ्यांनी शेवटचे दिवस विदर्भात काढले. २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला ते गेले आणि महिन्याभराच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला नाटकाचा पहिला प्रयोग केला. सिंधू बालगंधर्व, सुधाकर गणपतराव बोडस. पाच अंकी नाटक. पदांसकट केलं तर रात्र पुरायची नाही. रेडिओवर ते एका तासात किंवा दीड तासात आणायचं म्हणजे काय करायचं? पहिली कात्री तळीरामाच्या मंडळींवर चालते. आर्यमदिरामंडळाचे प्रवेश लांब आहेत आणि त्यातल्या कोट्या समोर बसलेल्या प्रेक्षकाच्या हशावर जगतात. हशा नाही तर कोटी कोरडी. दुसरी कात्री पदांवर. उरतं ते सुधाकर आणि सिंधूचं घर. आणि इथे नाटक बदलतं. रंगमंचावर ते दारूचा विनोदही आहे आणि दारूची शोकांतिकाही. प्रेक्षक तळीरामाला हसतो आणि त्या हसण्याची किंमत पाचव्या अंकात मोजतो. रेडिओवर हसण्याचा भाग गेला की पहिल्यापासून शोकांतिकाच ऐकू येते. गडकऱ्यांची रचना त्यात मोडते, हे मान्य केलंच पाहिजे.

पण त्याच नाटकात सिंधू लोकांचं दळण दळते तो प्रवेश कानांनी ऐकला तर त्याला तोड नाही. जात्याची घरघर, मधेच थांबलेला खुंटा, दाणे टाकायला लागलेला क्षणभराचा वेळ, पुन्हा घरघर. वकिलाची बायको दुसऱ्याचं पीठ काढतेय हे सांगायला संवादाची गरज उरत नाही. चांदा जिल्ह्यातल्या १९५० च्या श्रोत्याच्या घरात पहाटे तोच आवाज असायचा. त्याला हा प्रवेश समजावून सांगावा लागत नव्हता. शेवटच्या अंकातलं सुधाकराच्या हातून होणारं हिंसेचं दृश्य रंगमंचावर बेतानेच दाखवावं लागतं, नाहीतर भडक होतं. रेडिओवर काठीचा एक आवाज आणि नंतरची शांतता यात ते अंगावर येतं. गडकऱ्यांची अलंकारिक, लांबलचक वाक्यंही कानाला रंगमंचावर जितकी जड वाटतात तितकी रेडिओवर वाटत नाहीत, कारण समोर नटाचे हातवारे नसतात. खाडिलकरांची 'कीचकवध' किंवा 'भाऊबंदकी' यांसारखी वाद-प्रतिवादावर उभी असलेली नाटकंही रेडिओला मानवणारी. 'सौभद्र' मात्र तिथे पांगळं होतं. त्यातली गंमत पाहण्याची आहे, आणि गाणं गेलं तर तिथे काहीच उरत नाही.

गाण्याचा विषय निघाला म्हणून आकाशवाणीच्या एका निर्णयाबद्दल लिहिलंच पाहिजे. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी घातली. श्रुतींच्या भारतीय कल्पनेला पेटी मारक आहे, हा त्यामागचा युक्तिवाद. ही बंदी तीन दशकं टिकली आणि १९७० च्या आसपास सैल झाली. शास्त्रीय संगीताच्या बाजूने त्यावर वाद घालता येईल. पण संगीत नाटकाचं तर अंगच पेटी आणि ऑर्गनवर पोसलेलं. पात्र बोलता बोलता सुरात शिरतं तेव्हा खाली ऑर्गनचा भरीव स्वर हवा असतो. तोच त्या नाटकाचा घरचा वास. नेमक्या ज्या तीस वर्षांत संगीत नाटकाला रेडिओचा आधार हवा होता, त्याच तीस वर्षांत रेडिओने त्याचं मुख्य वाद्य दाराबाहेर ठेवलं. नाट्यगीताला याची मोठी झळ बसली. आणि त्याच वेळी आमच्याकडे, बैलांच्या शर्यतींच्या, म्हणजे शंकरपटाच्या, रात्री, मांडवात पेटी खणखणीत वाजत होती.

झाडीपट्टीची रंगभूमी पुण्या-मुंबईच्या वाचकाला आता नावाने तरी ठाऊक आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हे जिल्हे. धान निघाल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंतचा हंगाम. मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि शंकरपट यांच्या निमित्ताने नाटक. वडसा म्हणजे देसाईगंज हे तिचं केंद्र. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर बातम्या आल्या. पण तिचा अभिजात नाटकांशी असलेला संबंध फारसा सांगितला जात नाही. दंडारीसारखे इथले लोकनाट्याचे खेळ जुने. छापील नाटकाची पुस्तकं गावांत पोचली आणि गावकऱ्यांनी तीच नाटकं बसवली. मास्तर, तलाठी, शेतकरी यांनी पार्ट पाठ करायचे, वाद्यवृंद आजूबाजूचा, आणि पुढे स्त्री-भूमिकांसाठी नागपूरहून नटी बोलवायची. कंपन्या बंद पडल्या तेव्हा ही नाटकं पश्चिम महाराष्ट्रात आठवणीत गेली. इथे ती दर हंगामात उभी राहत होती. कात्री न लावता. उलट भर घालून, कारण रात्र भरून काढायची असे.

झाडीपट्टीतही मायक्रोफोन आला. रंगमंचावर वरून तीन-चार ठिकाणी लोंबणारे माईक आणि मांडवाबाहेर कर्णे. नटाने बोलताना सरकत माईकखाली यायचं, बोलून झालं की बाजूला व्हायचं, म्हणजे दुसऱ्याला जागा. रेडिओच्या स्टुडिओतला नट एका मायक्रोफोनभोवती जी हालचाल करत होता, तीच इथे हजारो प्रेक्षकांसमोर चालली होती. फरक एवढाच की मांडवातल्या नटाला समोरून हुंकार मिळत होता. ज्यांना मांडवात जागा मिळाली नाही किंवा घर सोडता आलं नाही, ते कर्ण्याचा आवाज ऐकत अंगणात जागे राहत. शांत रात्री तो आवाज पुढच्या गावापर्यंत जातो. ही सुद्धा नाटकाची श्रवणपरंपराच आहे, आणि तिची नोंद कुठल्याही प्रसारमाध्यमांच्या इतिहासात नाही.

रेडिओवर जे नव्याने लिहिलं गेलं त्याबद्दल थोडक्यात. १९५६ पासून आकाशवाणीने महिन्यातून एक नाटक सगळ्या भाषांत एकाच रात्री द्यायला सुरुवात केली. मराठी श्रोत्याला बंगाली, कन्नड, तमिळ नाटकं मराठीतून ऐकायला मिळाली. धर्मवीर भारतींचं 'अंधा युग' आधी रेडिओवरून ऐकू आलेलं काव्यनाटक, नंतर ते भारतीय रंगमंचाचं मानाचं नाटक झालं. इंग्रजीत डिलन टॉमसचं 'अंडर मिल्क वुड' १९५४ मध्ये असंच बीबीसीवर जन्मलं. रत्नाकर मतकरींची पहिली एकांकिका 'वेडी माणसं' १९५५ मध्ये मुंबई आकाशवाणीवर झाली. नागपुरात पुरुषोत्तम दारव्हेकर रंजन कला मंदिर चालवत होते आणि आकाशवाणीतही काम करत होते. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये दोन घराण्यांचं भांडण त्यांनी ज्या तऱ्हेने केवळ गळ्यांच्या फरकातून उभं केलं, त्यात मला रेडिओवर घडलेला कान दिसतो.

दूरदर्शनबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे. इंग्लंड-अमेरिकेत १९५० च्या दशकात स्टुडिओतून थेट नाटकं दाखवली गेली. बीबीसीने १९६० मध्ये 'अ‍ॅन एज ऑफ किंग्ज' या मालिकेत शेक्सपिअरची ऐतिहासिक नाटकं सलग केली. आपल्याकडे दिल्लीत १९५९ मध्ये प्रायोगिक केंद्र निघालं आणि मुंबईला दूरदर्शन यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. चंद्रपूरच्या बाजूला संच दिसू लागले ते १९८२ च्या एशियाडनंतरच्या विस्तारात. तोवर दूरदर्शनने नाटकाला दोन-तीन कॅमेऱ्यांत बसवायची एक ठोकळेबाज पद्धत ठरवून टाकली होती: दिवाणखाना, सोफा, मागे खिडकी. शाकुंतलासारख्या नाटकातलं वन पुठ्ठ्याचं दिसायला लागलं. विजया मेहतांनी महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'वरून 'हवेली बुलंद थी' केलं, तो सन्माननीय अपवाद. विदर्भातल्या कोसळत्या घराची गोष्ट तिथे कॅमेऱ्याला मिळाली. एरवी रेडिओने श्रोत्याच्या मनात जे उभं केलं होतं, ते दूरदर्शनने लहान करून दाखवलं, असाच निवाडा मी देईन.

आता उरलंय काय? आकाशवाणीत चुंबकीय फीत महाग होती. कार्यक्रम प्रसारित झाला की पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती. बीबीसीनेही आपली बरीच जुनी नाटकं अशीच पुसली. 'गीतरामायण' टिकलं, कारण १९५५ मध्ये पुणे केंद्रावरून सुरू होताच त्याला लोकांनी डोक्यावर घेतलं आणि फिती जपल्या गेल्या. एखाद्या प्रादेशिक केंद्रावरच्या श्रुतिकेला असं भाग्य कुठलं. पुढे कॅसेटच्या जमान्यात पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने पु.लं.चे प्रयोग घरोघरी पोचवले. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स जुन्या तबकड्यांची नोंद ठेवते. ही कामं व्यक्तींच्या हौसेतून झाली. आकाशवाणीच्या संग्रहात मराठी नाटकांचं जे काही शिल्लक आहे, त्याची साधी यादी तरी लोकांसमोर यावी. नागपूर केंद्राला पंचाहत्तर वर्षं उलटून गेली. विदर्भाच्या विद्यापीठांतून यावर एखादा प्रबंध तरी व्हायला हवा होता.

झाडीपट्टीचं नुकसान वेगळ्या जातीचं आहे. आज तिथले प्रयोग मोबाइलवर तुकड्यांनी टिपले जातात: लावणी, विनोदी प्रवेश, शेवटची मारामारी. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी तबकडीने जे केलं तेच पुन्हा, तीन मिनिटं उचलायची आणि नाटक मागे टाकायचं. जुनी संगीत नाटकं करू शकणारे वयस्क नट आणि पेटीवादक अजून आहेत, पण दर हंगामाला कमी होताहेत. नव्या कौटुंबिक नाटकांना गर्दी होते आणि ती व्हावी. मात्र 'एकच प्याला' झाडीच्या चालीने, झाडीच्या उच्चारांत, पाच अंक पूर्ण, अशी एक रात्र चांगल्या माईकवर नांदीपासून भैरवीपर्यंत ध्वनिमुद्रित झालेली माझ्या ऐकण्यात नाही. खर्च फार नाही. एक ध्वनिमुद्रक, दोन माणसं, एक रात्र आणि मंडळाची परवानगी. आर्गो कंपनीने जे संपूर्ण शेक्सपिअरसाठी केलं, ते आपण निदान एका गडकऱ्यांसाठी करू शकतो.

बल्लारपूर, चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा इथल्या वाचकांना एक विनंती. घरात जुन्या स्पूल किंवा कॅसेट असतील, वर 'नाटक', 'मंडई', 'नागपूर रेडिओ' असं काही लिहिलेलं असेल, तर त्या भंगारात देऊ नका आणि कुतूहलाने जुन्या यंत्रावर लावूही नका. बुरशी धरलेली फीत पहिल्याच वाजवण्यात तुटू शकते. कोरड्या जागी, उभ्या ठेवा. डब्यावर गाव, साल आणि आठवत असतील तर नटांची नावं लिहून चिठ्ठी लावा. आणि ध्वनिमुद्रणाचं काम जाणणाऱ्या माणसाकडून आधी त्यांची डिजिटल प्रत करून घ्या.